टाचदुखी आणि फिजिओथेरपी: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

सकाळी जाग येते, पाय जमिनीला टेकतात आणि टाचेत खिळा घुसावा तशी कळ येते. भिंतीला धरून पाच-दहा पावलं टाकली की कळ ओसरते आणि न्हाणीपर्यंत पोचता पोचता विसरायलाही होतं. दुपारी अर्धा तास बसून उठलं की पुन्हा कळ. संध्याकाळी तर टाच टेकवतच नाही. तुमचंही असंच होत असेल तर पुढचं वाचा.

मी गोव्यात, फोंड्याला औषधाच्या दुकानात काम करते. दिवसाचे आठ-नऊ तास काउंटरमागे, कडक लादीवर उभी. एका चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, माझी उजवी टाच धरली. चवथीआधी पंधरा दिवस साफसफाई, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना स्टुलावरची चढउतर, मग नेवऱ्या (करंज्या) तळत तासन्‌तास अनवाणी उभं राहणं. दोन-चार दिवसांत जाईल असं वाटलं होतं. पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत मी गोळ्या घेतल्या, मलमं चोळली, गरम विटेने शेकलं, सुट्टी घेऊन पाय वर करून झोपले. नीट फिजिओथेरपी सुरू केली त्यानंतर चार महिन्यांनी पाय माझा झाला. तुमचे पाच महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

१. दुखतं नेमकं कुठे, ते एका बोटाने दाखवा

‘पाय दुखतो’ एवढ्यावर काही ठरत नाही. पावलात २६ हाडं असतात आणि जागेप्रमाणे दुखणं वेगळं असतं. खुर्चीत बसा, पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्या आणि सगळ्यात जास्त दुखणारी जागा एका बोटाने शोधा.

टाचेच्या खाली, थोडी आतल्या बाजूला, दाबलं की जीव जातो अशी जागा सापडली आणि सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट असेल, तर बहुधा ते प्लांटर फॅसायटिस. टाचेखालच्या दुखण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा जातो. तो प्लांटर फॅशिया. तळव्याची कमान तो धरून ठेवतो. पाऊल उचलताना बोटं वर वळतात तेव्हा तो ताणला जातो आणि पाय कडक होऊन आपल्याला पुढे ढकलतो. झोपेत पावलं खाली कललेली राहतात, पट्टा आखडतो आणि उठल्याबरोबर शरीराचं सगळं वजन त्या आखडलेल्या पट्ट्यावर पडतं. सकाळची कळ त्यामुळे येते.

मला फार उशिरा कळलेली गोष्ट म्हणजे, जुन्या टाचदुखीत सूज कमी आणि पट्ट्याची झीज जास्त असते. वेदनाशामक गोळी वेदना दाबते, पट्टा मजबूत करत नाही. हळूहळू वाढवत नेलेला भार पट्ट्याला सोसायला शिकवला, की तो मजबूत होतो. फिजिओथेरपी टाचेसाठी जे करते ते मुख्यतः हेच.

बाकीच्या जागा थोडक्यात सांगते. टाचेच्या मागे, पोटरीखालच्या जाड दोरीत दुखत असेल तर ते ॲकिलिस कंडरेचं दुखणं. चवड्याखाली, तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मध्ये खडा अडकल्यासारखं वाटून बोटांत मुंग्या येत असतील तर तिथली नस दाबली जात असेल. घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्यात आग आणि मुंग्या आल्या तरीही नसेकडेच बघायचं. अंगठ्याचं मूळ रात्रीत लाल होऊन सुजलं, चादरीचा स्पर्शही सोसवेना, तर तो गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारी सांध्याची सूज, असू शकतो. त्यात व्यायामाआधी डॉक्टर आणि रक्ततपासणी. गाऊट ज्यांना आहे त्यांनी बिअर, तिसऱ्या (शिंपले) आणि सुंगटांचं (कोळंबीचं) प्रमाणही डॉक्टरांशी बोलावं, कारण आपल्या ताटात या गोष्टी वरचेवर असतात.

२. या खुणा असतील तर आधी डॉक्टर, मग व्यायाम

- पडल्यावर किंवा उडी मारल्यावर पायावर वजनच देता येत नाही.
- टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली तर असह्य दुखतं, किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकतं. हाडाला बारीक तडा असू शकतो.
- पोटरीत कुणी लाथ मारल्यासारखं वाटून एकदम ताकद गेली. कंडरा तुटली असू शकते, त्याच दिवशी दाखवा.
- पाय लाल, गरम, सोबत ताप.
- वय तिशीच्या आत, दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबर तासभर आखडलेली असते. हा संधिवाताचा प्रकार असू शकतो.
- मधुमेह आहे आणि पायाला बधिरपणा किंवा जखम आहे.

शेवटच्या मुद्द्यावर थांबते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियॅब या मधुमेह पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून अधिक. तेव्हा ‘मला साखर नाही’ हे गृहीत धरू नका, एकदा तपासा. बधिर पायाला बर्फ किंवा शेक दिला तर चटका बसलेला कळत नाही, आणि त्यातून झालेली जखम टाचदुखीपेक्षा कितीतरी मोठं संकट असतं.

दुकानात बसून दिसणारी आणखी एक गोष्ट. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या प्रतिजैविकांमुळे क्वचित कंडरांना इजा होते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्येच यावर ठळक इशारा छापायला लावला. असा कोर्स चालू असताना किंवा नुकताच झाला असताना टाचेच्या मागे दुखायला लागलं, तर औषध देणाऱ्या डॉक्टरांना लगेच कळवा.

३. कुणाकडे जायचं

आधी अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून वरच्या गोष्टी नाहीत याची खात्री करा आणि फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी मागून घ्या. सरकारी वाट धरायची तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ), उत्तरेला म्हापशाचं आणि दक्षिणेला मडगावचं जिल्हा रुग्णालय. गर्दी असते, अर्धा दिवस जातो हे धरूनच निघा. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गाकडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं की २०१८ पासून गोमेकॉत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं. गोव्यात राहत असाल तर रहिवासाचा पुरावा आणि आरोग्य कार्ड जवळ ठेवा.

खासगी दवाखाना निवडताना शिक्षण विचारा. फिजिओथेरपिस्टकडे किमान बीपीटी ही फिजिओथेरपीची पदवी हवी, एमपीटी ही पदव्युत्तर पदवी असेल तर उत्तम. विचारायला संकोच करू नका. मालिशवाला, हाडवैद्य आणि फिजिओथेरपिस्ट ही तीन वेगळी माणसं आहेत.

इथे माझी पहिली चूक सांगते. एका दवाखान्यात मला पहिल्याच दिवशी दहा बैठकांचे पैसे आगाऊ भरायला सांगितले. भरले. रोज वीस मिनिटं यंत्र लावायचं आणि घरी पाठवायचं. दहा दिवसांत कुणी मला चालायला लावलं नाही, टाच उचलून बघ म्हणालं नाही, घरी करायचा एक व्यायामही दिला नाही. यंत्रामुळे तासभर बरं वाटायचं. टाचदुखीत अल्ट्रासाउंडच्या यंत्राने व्यायामापेक्षा वेगळा फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही, हे मला नंतर समजलं. तेव्हा एक साधी कसोटी लावा: पहिल्या भेटीतून घरी करायचा व्यायाम हातात घेऊन बाहेर पडलात का? नसेल, तर दुसरा दवाखाना शोधा.

४. सोबत काय न्यायचं

- डॉक्टरांची चिठ्ठी, जुने एक्स-रे, रक्ताचे अहवाल (साखर, युरिक ॲसिड, ड जीवनसत्त्व जे केलं असेल ते)
- चालू औषधांची यादी, त्यात स्वतःच्या मनाने घेतलेल्या गोळ्याही
- रोज वापरता त्या चपला आणि बूट, झिजलेले असले तरी तेच. टाच कुठे घासली आहे ते बघतात
- गुडघ्यापर्यंत वर जाईल अशी सैल पँट किंवा सलवार
- एक कागद: दुखणं कधी सुरू झालं आणि त्याच्या दोन महिने आधी आयुष्यात काय बदललं. नवी नोकरी, नवी चप्पल, वाढलेलं वजन, अचानक सुरू केलेलं चालणं

त्या कागदाने माझं काम सोपं झालं. ‘चवथ’ हा शब्द वाचून फिजिओथेरपिस्ट बाईंनी अनवाणी किती तास उभी होते ते विचारलं आणि सगळा उलगडा तिथूनच झाला.

५. पहिल्या भेटीत काय होतं

अनवाणी चालवतात, पुढून आणि मागून बघतात. भिंतीसमोर उभं करून टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का ते मोजतात, कारण आखडलेली पोटरी हे टाचदुखीचं मोठं कारण असतं. एका पायावर उभं राहून टाच किती वेळा उचलता येते ते मोजतात. माझी डावी टाच वीसदा उठली, उजवी सहादा. हाताने अंगठा वर वळवून पट्ट्यात कळ येते का पाहतात, टाच बाजूंनी दाबतात, घोट्याच्या आत बोटाने ठोकून मुंग्या येतात का विचारतात. यातलं काही थोडं दुखेल. दुखलं की स्पष्ट सांगा, सोसून दाखवण्यात कुणाचाच फायदा नाही.

एक्स-रेत ‘हाड वाढलंय’ असं दिसलं म्हणून घाबरू नका. मी दोन रात्री झोपले नव्हते, शस्त्रक्रियाच होणार असं धरून बसले होते. टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही तो काटा दिसतो, आणि टाच बरी झाल्यावरही तो तिथेच राहतो. उपचार पट्ट्यावर आणि पोटरीवर करायचे असतात.

६. व्यायाम: रोजचे आणि एक दिवसाआडचे

खालचा क्रम मला मिळाला होता तो आणि साधारण सगळीकडे दिला जातो तो आहे. तुमच्या पायाला किती झेपेल ते तुमचे फिजिओ ठरवतील.

*पलंगावरून उतरण्याआधी.* बसा, दुखरं पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर घ्या. बोटांच्या मुळाशी धरून ती नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताने तळव्याला हात लावा, पट्टा तारेसारखा ताठ झालेला लागला पाहिजे. दहा सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, पण सकाळचं पहिलं पाऊल टाकण्याआधीचं कधीही चुकवू नका. मी गजर बंद केला की उठून आधी हेच करायची.

*पोटरीचा ताण.* भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, टाच जमिनीला घट्ट, गुडघा सरळ. तीस सेकंद, तीनदा. मग तोच गुडघा किंचित वाकवून पुन्हा तीनदा. दोन्ही करायचे, कारण पोटरीत दोन थर आहेत आणि सरळ गुडघ्याने खालचा थर पुरेसा ताणला जात नाही. पावलाचं टोक बाहेर वळलं तर ताण निसटतो, ते सरळ ठेवा.

*पायरीवर टाच उचलणं.* सगळ्यात जास्त बळ यातून येतं आणि बहुतेक लोक हाच व्यायाम सोडून देतात. जिन्याच्या पायरीच्या काठावर चवड्याने उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची म्हणजे बोटं वर वळलेली राहतात आणि पट्टा ताणलेला राहतो. कठड्याला धरा. तीन सेकंद मोजत टाच वर, दोन सेकंद वरच थांबा, तीन सेकंद मोजत खाली, पायरीच्या पातळीच्याही खाली. एका पायावर जमत नसेल तर दोन्ही पायांनी सुरू करा. बारा वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. मधला दिवस पट्ट्याला सावरायला हवा असतो.

दोन आठवड्यांनी पाठीवरच्या बॅगेत पुस्तकं किंवा तांदळाची पिशवी घालून वजन वाढवायचं, दहा वेळा, चार फेरे. आणखी दोन आठवड्यांनी वजन अजून थोडं, आठ वेळा, पाच फेरे. ही पद्धत डेन्मार्कमधल्या ४८ रुग्णांच्या अभ्यासातून २०१४ मध्ये पुढे आली. तीन महिन्यांनंतर हा व्यायाम करणारे, फक्त ताण देणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे बरे होते. वर्षभराने दोन्ही गट सारख्याच पातळीवर आले. म्हणजे ताण देऊनही बरं होता येतं, पण पायरीवर बळ मिळवलं तर आराम लवकर पडतो.

पायरी निवडताना काळजी घ्या. जुन्या घरांतल्या चिऱ्याच्या पायऱ्या पावसात शेवाळतात. बाहेरच्या जिन्यावर हा व्यायाम पावसाळ्यात करू नका.

*बर्फाची बाटली.* पाण्याची प्लास्टिकची बाटली गोठवून संध्याकाळी तळव्याखाली दहा मिनिटं फिरवा. बरं वाटतं, बळ येत नाही. बधिर पाय असेल तर अजिबात नको.

व्यायाम करताना किती दुखलं तर चालेल? हा प्रश्न मी पहिल्या आठवड्यात रोज विचारायची. दहापैकी तीन-चारपर्यंत चालतं. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो: पहिलं पाऊल कालच्यासारखंच किंवा कमी दुखलं तर भार बरोबर होता, जास्त दुखलं तर एक पायरी मागे या. बंद करू नका, मागे या.

७. चपला, लादी, देऊळ, वाळू

घरात अनवाणी फिरणं काही महिने बंद. घरासाठी वेगळी, धुतलेली, जाड टाचेची चप्पल ठेवा आणि ती पलंगाशेजारीच असू द्या. पातळ रबरी सपाता पावसाळ्यात सगळेच घालतो, पण त्यांत टाचेला काहीच आधार नसतो. बूट घेताना दोन्ही हातांनी वाकवून बघा: बोटांपाशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर नको. टाचेकडचा भाग दाबून बसता कामा नये. आणि संध्याकाळी खरेदी करा, दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो. सिलिकॉनचं टाचेचं पॅड घेतलं तर दोन्ही पायांत घाला, नाहीतर एक पाय उंच होतो.

देवळात चप्पल काढावीच लागते. मंगेशीला किंवा कवळ्याच्या शांतादुर्गेला जाताना मी गाडीतच बोटं ओढण्याचा ताण करून उतरायची आणि दुपार टाळायची. तापलेल्या फरशीवर आपण पावलं आखडून चालतो आणि रात्री टाच त्याचा हिशेब मागते.

‘मिरामारला जा, वाळूत अनवाणी चाल’ हा सल्ला मला किमान दहा जणांनी मनापासून दिला. दुखणं चालू असताना तो मानू नका. मऊ, कोरड्या वाळूत टाच खाली रुतते, पोटरी आणि पट्टा दोन्ही जास्त ओढले जातात. पाण्याकाठची घट्ट वाळू उतरती असते, एका पायावर जास्त भार येतो. मी तिथे दोनदा गेले आणि दोन्ही वेळा आठवडाभर मागे पडले. चालण्याची सवय मोडायची नसेल तर बूट घालून सपाट रस्त्यावर, कमी अंतर. सायकल आणि पोहणं टाचेला सोपं जातं.

काउंटरवर, स्वयंपाकघरात, कारखान्यात उभं राहायचं असेल तर पायाखाली जाड रबरी मॅट मागा. माझ्या मालकांनी आढेवेढे न घेता आणली. त्याआधी मी मागितलीच नव्हती.

८. इंजेक्शन, गोळ्या आणि इतर शॉर्टकट

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान वाटतं. पण वारंवार घेतलं तर पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची नैसर्गिक चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. फार दुखत असेल आणि डॉक्टर सुचवत असतील तर घ्या, पण त्या आराम पडलेल्या आठवड्यांत व्यायाम सुरू करा. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नका, विशेषतः रक्तदाब, मूत्रपिंड किंवा पित्ताचा त्रास असेल तर. हे मी गोळ्या विकणारी बाई म्हणून सांगते. टेपिंगने, म्हणजे पावलाला चिकटपट्टीचा आधार देऊन, उभं राहायच्या दिवशी खरोखर मदत होते, फिजिओकडून एकदा शिकून घ्या. सहा महिने मनापासून व्यायाम करूनही फरक नसेल तर शॉकवेव्ह (यंत्राने टाचेवर ध्वनिलहरींचे धक्के देण्याच्या) उपचाराबद्दल विचारा. शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते.

९. किती दिवस?

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काही वाटणार नाही. बहुतेक जण इथेच सोडतात, मीही सोडलं असतं. एक वही ठेवा: रोज सकाळच्या पहिल्या पावलाला दहापैकी किती गुण, एवढंच लिहा. माझ्या वहीत पहिल्या दिवशी आठ आहे, तिसऱ्या आठवड्यात सात आणि सहा यांच्यात हेलकावे, सातव्या आठवड्यात चार, तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दोन. रोजच्या रोज हा उतार जाणवत नाही, वहीत दिसतो. बहुतेकांना पूर्ण बरं व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि जेवढं दुखणं जुनं तेवढा वेळ जास्त.

मध्ये एखादा आठवडा दुखणं उसळेल. लग्न, जत्रा, शिगमो, काहीतरी होतंच. तीन-चार दिवस भार कमी करा, ताण चालू ठेवा, मग पुन्हा पायरीवर या.

१०. बरं झाल्यावर

पायरीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू ठेवा. आषाढीला पंढरपूरला पायी जाणाऱ्यांनी तयारी तीन महिने आधी सुरू करावी: चालण्याचं अंतर दर आठवड्याला थोडंच वाढवायचं, आणि दिंडीत जे बूट घालणार तेच बूट सरावात घालायचे. नवे बूट घालून निघणाऱ्यांचे पाय पहिल्या दोन मुक्कामांतच धरतात.

आणि चवथीसाठी मी आता गणपतीच्या दोन महिने आधीपासून पायरीवर वजन वाढवते. नेवऱ्या तळताना उंच स्टूल घेऊन बसते, चुलीसमोर रबरी मॅट असते, घरातली चप्पल पायात असते. माटोळी बांधायचं काम भाच्याकडे दिलं आहे. तो स्टुलावर चढतो, मी खालून कांगलं (माटोळीला बांधायची रानफळं), नारळ आणि सुपारीचे घोस हातात देते.